लाँड्री शब्दातली बाई

“लेकराच्या कापडाला बिबा नगं, बाई. कातडं कवळं असतंय. उततंय त्ये.”

अंबुबाईनं हे मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा थोडा रागच आला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “अंबुबाई, मी चार पुस्तकं वाचली आहेत. मला कळतं. तुम्ही खूण घाला बघू.”

 तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून बिब्बा काढला, पदराला खोवलेली सुई काढली, आणि मी सांगितलं तसं केलं.

याला आता दोन वर्षं होत आली. मी मनात तो प्रसंग पुष्कळदा पुन्हा घडवून पाहते. दर वेळी तिची सुई बिब्ब्यापर्यंत जाते आणि दर वेळी मी तिला थांबवत नाही.

आम्ही चिंचवडला, रुळांच्या पलीकडे, बाटल्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत राहतो. समोरासमोर दोन ओळी, वर सिमेंटचे पत्रे, मध्ये एक नळ. माझे यजमान ज्योतीराम कारखान्यात सुपरवायझर आहेत. आम्ही मूळचे बार्शीकडचे. लग्नाआधी मी पुण्याला मामांकडे राहून बी.ए. केलं, इंग्रजी विषय घेऊन. कॉलेजात मला बक्षीस म्हणून इंग्रजीचा एक जाडजूड कोश मिळाला होता. त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द कुठून कुठून फिरत आला हेही दिलेलं होतं. एखाद्या घराण्याची कुळकथा असावी तसं. वसाहतीत आल्यावर तो कोश पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर राहिला, कारण दुसरी कोरडी जागा घरात नव्हती.

चारू तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्याआधीचा मुलगा बाराव्या दिवशी गेला. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. सासूबाई मात्र बारशासाठी आणलेली कुंची परत ट्रंकेत ठेवताना म्हणाल्या, “शिकलेल्या आईच्या हाती पोर टिकलं नाही.” बोलल्या एकदाच. ह्यांनी ते ऐकलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. तेव्हापासून मी अशी झाले. चारू झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. दूध गाळून पुन्हा गाळायचं. कुणी खोकलं की तिला घेऊन आतल्या खोलीत जायचं. माझ्या शेजारच्या कनीजभाभी, रहिमान मेकॅनिकच्या घरच्या, हसायच्या. “सुमनताई, पोरगी हाय का काचेची बाटली? कारखान्यात पन येवढं जपत न्हाईत.”

अंबुबाई ही जुन्या चिंचवड गावातली परटीण. पवनेच्या काठी तिचा दगड, मागे भट्टी. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. वसाहत बांधली तेव्हापासून आमच्या चोवीस घरांचं धुणं तिच्याकडे. फाटकावर अडवू नये म्हणून कारखान्यानं तिला पितळी बिल्ला दिला होता. तो ती काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्रासारखा गळ्यात घालायची. “धनी गेलं, आता ह्यो कंपनीचा,” म्हणायची. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दगडाखाली सापडलेली.

तिला अक्षरओळख नव्हती. पण चोवीस घरांच्या चोवीस खुणा तिच्या डोक्यात होत्या. बिब्ब्याला सुई टोचली की काळा दाट रस सुईच्या टोकावर येतो. त्यानं कापडाच्या कडेला ठिपका किंवा रेघ काढायची आणि वर चुन्याचं बोट लावायचं. मग ते कापड उकळा, आपटा, उन्हात घाला, खूण जात नाही. कापड विरतं, खूण राहते. आमच्या घराची खूण तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. कनीजभाभींची दोन उभ्या रेघा. अंबुबाई ढिगाऱ्यातून एकेक कापड उचलायची, कोपरा बघायची आणि आमच्या वसाहतीची बातमीपत्रं वाचून दाखवायची. “हितं पाव्हणं आल्याती, दोन धोतरं जास्त हायती. हिला दिस गेल्याती, लुगडी आली न्हाईत ह्या खेपंला. ह्याचा पगार वाढला वाटतं, बघा, मलमलचा सदरा!”

आषाढात एके दिवशी ती धुणं आणायला आली आणि उंबऱ्याशी बसकण मारून म्हणाली, “बाई, एक इचारू का? लाँड्री म्हंजी काय?”

“का हो?”

“फाटकावरचा शिपाई म्हनत व्हता, लाँड्री येनार, मंग अंबुबाई तुझी सुट्टी. मी म्हनलं, लाँड्री कोन बाई? कुठल्या गावची?”

मी चारूला मांडीवर घेतलं आणि फळीवरून कोश काढला. खूप दिवसांनी काढला होता. पानांना पिठाचा वास येत होता. शब्द सापडला आणि मला एकदम कॉलेजात बसल्यासारखं वाटलं.

“ऐका. हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांनी लॅटिनकडून. लॅटिन म्हणजे त्यांची संस्कृत म्हणा. त्या भाषेत ‘लावारे’ म्हणजे धुणं.”

“धुनं म्हंजी कापडं का काम?”

मी थबकले. बरोबर विचारलं होतं तिनं. “काम. आणि त्याच्यापासून झालेला एक शब्द होता, त्याचा अर्थ धुवायच्या वस्तू. म्हणजे आपण दोन्हीला धुणंच म्हणतो की, तसंच.”

“मंग त्यांचं आन् आपलं येकच.”

“आणखी आहे. स्टेशनावर ‘लॅव्हेटरी’ म्हणून पाटी आहे ना, तो शब्दही ह्याच घरातला.”

“संडास?” अंबुबाईनं तोंडावर पदर घेतला. “ऐका की हो कनीजभाबी! लाँड्री आन् संडास सख्ख्या भैनी निघाल्या!”

कनीजभाभी त्यांच्या दारातून ओरडल्या, “मग पाहुनचाराला काय देत असतील गं?”

तिघी पोट धरून हसलो. चारूही हसली, आम्ही हसतोय म्हणून. मी पुढं वाचलं आणि मला खरंच गंमत वाटली. “अंबुबाई, हे बघा. अगदी जुन्या काळी ह्या शब्दाचं जे मूळ होतं ना, ते जागेचं नाव नव्हतं. बाईचं होतं. ‘लॅव्हेंडर’ म्हणायचे तिला, मग तेच घासून ‘लाँडर’ झालं. म्हणजे दुसऱ्यांचे कपडे धुणारी बाई. परटीण! म्हणजे तुम्हीच! मग त्या बाईच्या कामाला लाँड्री म्हणायला लागले. मग ती जिथं धुते त्या जागेला. आणि आता तर मळक्या कपड्यांच्या गाठोड्यालासुद्धा लाँड्री म्हणतात.”

लॅव्हेंडर नावाचं एक सुवासिक झाड आहे, कपड्यांच्या घडीत त्याची फुलं ठेवतात, तेही ह्यातलंच असेल, पण कोशकारानं तिथं ‘कदाचित’ म्हटलं होतं. हेही मी तिला सांगितलं. माझ्या पावडरीच्या डब्यावर त्या झाडाचं चित्र होतं ते दाखवलं. तिनं डबा हुंगला, परत दिला. तिचं लक्ष तिकडं नव्हतं.

“मंग त्या बाईचं काय झालं?”

“कुठल्या?”

“त्याच. पयली ती व्हती म्हनता. मंग काम ऱ्हायलं, जागा ऱ्हायली, गठुडं ऱ्हायलं. ती कुठं गेली?”

मी ओळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. “ते नाही दिलेलं यात.”

“येवढ्या जाड बुकात न्हाई?” ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं. “आपलं बरं हाय बाई. आपल्यात घडीला परीटघडी म्हनत्यात. परीट मेला तरी घडीत ऱ्हातो.”

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी तिला चारूची झबली दिली. तोवर बाळाचं धुणं मी घरीच करत होते. पण मुलांच्या संगोपनावर एका इंग्रजी मासिकात लेख वाचला होता, की तान्ह्याचे कपडे उकळले पाहिजेत, जंतू मरतात. आमच्या एका शेगडीवर स्वयंपाक आटोपून झबली उकळायची म्हणजे दुपार व्हायची, आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसांत ती वाळायचीही नाहीत. अंबुबाईच्या भट्टीत सगळं उकळून निघतं, वर गरम राखेशेजारी वाळतं. उत्तम. फक्त एक भीती होती. सात नंबरात एक गृहस्थ होते, त्यांना छातीचा आजार होता. त्यांचे हातरुमाल त्याच गाठोड्यात जायचे. चारूचं झबलं त्या घरी गेलं तर? त्यांच्या घरचं काही आमच्याकडं आलं तर?

“न्हाई जानार,” अंबुबाई म्हणाली. “लेकरांच्या कापडास्नी आमी बिबा लावत न्हाई. दोरा बांधतो. तांबडा दोरा, तुमच्या घरच्या तीन गाठी.”

“दोरा भट्टीत सुटला तर?”

“माझा दोरा आजवर सुटला न्हाई.”

“पण सुटू शकतो ना? मला पक्कं हवं. कोपऱ्यात बारीक ठिपके द्या. कुणाला दिसणारही नाहीत.”

तेव्हा तिनं ते सांगितलं, तीनदा. आणि तेव्हा मी ते म्हटलं. तिनं चार झबल्यांच्या गळ्यामागं तीन तीन ठिपके आणि रेघ काढली, चुना लावला. जाताना एवढंच बोलली, “दोन भट्ट्या व्हऊ द्या मंगच घाला. वला बिबा वाईट.”

पहिल्या भट्टीनंतर झबली घरी आली. त्या दिवशी कोरडं झबलं घरात एकही नव्हतं. बाहेर झड लागली होती. मी गळ्यामागची खूण बोटानं चोळून पाहिली. बोटाला काही लागलं नाही. घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारूच्या मानेवर लाल चट्टा दिसला. दुपारपर्यंत त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले. संध्याकाळी ते खांद्यापर्यंत उतरले आणि पोरगी इतकी रडली, इतकी रडली, की तिचा आवाज बसला. कनीजभाभी धावत आल्या, झबल्याचा गळा उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “हा तर बिब्बा उतला हो. आधी झबलं काढा. खोबरेल आणा.” त्यांनी तेल लावलं. मी नुसती उभी होते. मला वाटलं, बारावा दिवस परत आला.

ह्यांना कामावरून बोलावून आणलं. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं, मलम दिलं, म्हणाले, “डोळ्यात गेलं असतं तर कठीण होतं. तान्ह्या पोराच्या कपड्याला कुणी घातला हा बिब्बा?”

“परटिणीनं,” हे म्हणाले.

मी चारूच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. खरंच सांगते, तेव्हा मला वाटलं की नंतर सांगू. आधी पोर शांत होऊ दे. रस्त्यानं येताना ह्यांनी चारूला छातीशी धरलं होतं. मधेच माझ्याकडं न बघता म्हणाले, “आईला कळवू नकोस. पुन्हा तेच बोलेल.” तेव्हा सांगायला हवं होतं. मी पुढं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, “ऑफिसात अर्ज द्यायचा. तू लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

“अर्ज कशाला? मी समजावते तिला.”

“समजावतेस? आपली पोरगी वाचली म्हणून? उद्या दुसऱ्याचं पोर असेल.”

मी लिहिला. अर्ध्या पानाचा. ‘निष्काळजी’ आणि ‘अपायकारक’ या अर्थांचे दोन शब्द कोश काढून नीट पाहून घातले. तोच कोश. तीच फळी. चारू कुशीवर झोपली होती, पाठ टेकवता येत नव्हती. तिच्याकडं बघत बघत लिहिलं, आणि लिहिताना मला क्षणभर खरंच वाटलं की चूक अंबुबाईची आहे.

वसाहतीचं सगळं बघणारे दौलतराव म्हणून एक साहेब होते. त्यांनी दोन दिवसांनी आम्हा दोघांना आणि अंबुबाईला ऑफिसात बोलावलं. अंबुबाई खुर्च्यांपासून दूर, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं आधी चारूकडं पाहिलं, मानेवरची पट्टी पाहिली आणि “अगं माझ्या साळुंके” म्हणून दोन पावलं पुढं आली. ह्यांनी चारूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती थांबली.

“काय गं,” दौलतराव म्हणाले, “लहान पोराच्या कपड्याला बिब्बा लावत नाहीत, हे तुला माहीत नव्हतं का?”

“म्हाईत हाय, सायेब.”

“मग लावलास कसा?”

 गळ्यातला बिल्ला तिनं मुठीत धरला होता. मग म्हणाली, “बाईस्नी इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दौलतराव, हे, दारातला शिपाई. ती पाहत नव्हती. ती खाली फरशीकडं बघत होती, मला बोलायला मोकळीक द्यावी तसं. किती वेळ गेला सांगता येत नाही. चार श्वासांचा असेल. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

“तिला काय विचारायचं?” हे म्हणाले. “बी.ए. झालेली बाई आहे ती. ती सांगेल का, माझ्या मुलीला बिब्बा लाव म्हणून? एक मूल गेलंय आमचं, साहेब.”

चारू रडायला लागली. मी तिला घेतलं, तिच्या पाठीवर तोंड लपवलं. आणि तो क्षण गेला.

अंबुबाईनं दोरा डोक्यावरून काढला, बिल्ला टेबलावर ठेवला. “सायेब, घाटावर धुनं पडलंय चोवीस घरांचं. त्येवढं पोचवून जाते.”

ह्यांचा राग मोठा नव्हता. चारूची पट्टी निघाली तसा तोही निघाला.  पाचव्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी चारूला कनीजभाभींकडं ठेवलं आणि एकटी दौलतरावांच्या ऑफिसात गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोरा, तीन गाठी, तिनं तीनदा बजावलेलं, दोन भट्ट्या. म्हटलं, चूक माझी आहे, तिचा बिल्ला परत द्या.

दौलतरावांनी ऐकून घेतलं आणि कौतुकानं मान हलवली. “वहिनी, तुमचं मन फार मोठं आहे हो. गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून स्वतःवर घेताय.”

“अहो, मी घेत नाहीये. खरं सांगतेय.”

“असू दे, असू दे. ज्योतीरामांना ठाऊक आहे का तुम्ही इथं आलात ते?”

मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“आणि तुम्हाला म्हणून सांगतो,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “लाँड्रीचं ज्येष्ठातच ठरलंय. पुण्याचा कंत्राटदार आहे. कागदावर कारण पाहिजे होतं, ते तुम्ही दिलंत. तुमचं नसतं तर दुसऱ्या कुणाचं आलं असतं. पण काय अर्ज लिहिलाय, वहिनी! वरच्या साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, वसाहतीत असं इंग्रजी लिहिणारं कोण आहे?”

मी दुसरा अर्ज लिहून नेला होता, मराठीत, खाली सही करून. तो त्यांनी घेतला, घडी घातली आणि खणात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज आला. मी नमस्कार करून बाहेर आले. आणखी काय करायचं असतं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

तिथून तशीच पवनेच्या काठी गेले. भट्टी गार होती. राखेवर पावसाचं पाणी साचलं होतं. पलीकडच्या दगडावर एक म्हातारी घोंगडी धूत होती. म्हणाली, “अंबू गेली की. भैनीकडं, चाकनला. भामेच्या काठाला धुती म्हनं तिची भैन.” मग माझ्याकडं वरखाली बघून विचारलं, “तुमी वसाहतीतल्या का? हात लई उतलं व्हतं तिचं.”

“हात?”

“बिबा टोचताना. डोळ्याला कमी दिसाया लागलंया, सुई चुकती. बोटं बघा अशी झाल्ती.” तिनं ओली बोटं फुगवून दाखवली.

मला ते ठाऊकच नव्हतं. जी बाई दिवसाला दहा वेळा पोरीचा श्वास मोजते, तिनं समोरच्या बाईचे हात एकदाही पाहिले नव्हते.

घरी आले तर कनीजभाभी दारातच बसल्या होत्या, चारू त्यांच्या मांडीवर. शेजारी एक छोटं गाठोडं. “अंबुबाई चार दिवसांपूर्वी ठेवून गेली माझ्याकडं. म्हणाली, सुमनताईंचे मालक घरी नसताना त्यांना द्या. आज तुम्ही बाहेर गेलात तेव्हा आठवलं.”

आत आमचं धुणं होतं. ह्यांचे सदरे, परीटघडीचे, नेहमीसारखे. माझं एक लुगडं. आणि सगळ्यात खाली चारूची चार झबली. ती मी ऑफिसातून आल्यावर जाळायला काढली होती आणि मग कुठं गेली ते पाहिलंच नव्हतं. भाभींनीच तिला दिली असणार. चारही झबल्यांच्या गळ्यामागचा बिब्ब्याचा तुकडा कापून काढलेला होता. त्या जागी जुन्या मऊ मलमलीचं ठिगळ होतं, टाके थोडे तिरके, पण एकही टोचणारा नाही. आणि प्रत्येक झबल्याच्या बंदाला तांबडा दोरा. तीन गाठी.

मी गाठी ओढून पाहिल्या. सुटल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात फाटकाशेजारी लाँड्री उघडली. पांढऱ्या पाटीवर निळी इंग्रजी अक्षरं. कपडे वेळेवर येतात, कोपऱ्याला आकडा लिहिलेली कागदी चिठ्ठी असते. आमचा आकडा अकरा. कोण धुतं ते कुणाला ठाऊक नाही. पुण्याहून मोटार येते आणि जाते.

ह्यांना मी शेवटी सांगितलं. दिवाळीच्या आसपास. ते म्हणाले, “झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?” रागावले असते तर बरं झालं असतं.

मी पत्र लिहावं तर तिला वाचून कोण दाखवणार, आणि कोणाच्या पत्त्यावर? तरी एकदा चाकणच्या बाजाराच्या दिवशी गेले. भोसरीपर्यंत टांगा, पुढं एस.टी. कनीजभाभी सोबतीला होत्या, चारू कडेवर. भामेच्या काठी तिची बहीण भेटली. म्हणाली, “व्हती आठ म्हैनं. मंग नजर गेली तशी म्हनाली, बसून खायाची न्हाई. खेडकडं गेली एका धर्मशाळेच्या धुन्याला. का तिथनं फुडं, ठावं न्हाई.” मग चारूच्या मानेकडं तिनं पाहिलं. तिथं आता एक फिकट डाग आहे, नखाएवढा. “हीच का ती पोर?” तिनं विचारलं. म्हणजे अंबुबाई तिथं चारूबद्दल बोलली होती. काय बोलली, ते विचारायचा धीर झाला नाही.

मला खेडला जाता आलं नाही. पुन्हा दिवस गेले होते, डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास बंद केला. आता पदरात दोन लेकरं. धाकटा सहा महिन्यांचा आहे. त्याची झबली मी घरीच धुते, उकळते, आणि बंदाला तांबडा दोरा बांधते, का ते मलाही सांगता येत नाही.

कोश अजून त्याच फळीवर आहे. ती जे विचारून गेली ते त्यात नाही, हे मला माहीत आहे. तरी मी ते पान कधी कधी उघडते.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी खेड, चाकण, आळंदी, त्या बाजूचं असेल, किंवा कामानिमित्त तिकडं जाणं होत असेल, तर नदीवर, धर्मशाळेत, लग्नाच्या वऱ्हाडात धुणं धुणाऱ्या बायकांकडं जरा बघा. पन्नाशीची, उंच, उजव्या हाताची करंगळी वाकडी. डोळ्याला कमी दिसत असेल. गळ्यात काही नसेल. नाव अंबुबाई. तिला माझं नाव सांगू नका, नावापेक्षा ती घरं खुणेनं ओळखायची. ‘तीन ठिपके, खाली रेघ’ एवढं म्हणा. मग तिचे हात बघा, फोड आहेत की बरे झालेत. कुणी दोन घास घालतं का बघा. भर पावसात बाहेर झोपत नाही ना, ते बघा. आणि काय दिसलं ते मला कळवा, चांगलं असो की वाईट. चिंचवड, बाटल्यांच्या कारखान्याची वसाहत, अकरा नंबर. तुम्ही जाल ना?